न बांधलेल्या घराचे फोटो

लॉरीन सिल्व्हेराला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ऑफिसच्या मागच्या भिंतीजवळ उकिडवी बसून नळाखालच्या डागाचा फोटो काढत होती. मला वाटलं, जागेच्या मालकाकडे तक्रार करायची असेल. विचारलं, "गळतोय का?"

"आता नाही गळत. कधीतरी गळत होता," ती मान वर न करता म्हणाली. "हा डाग मला एका घराला लावायचाय."

तिचं कामच ते होतं. जी घरं अजून बांधली नाहीत त्यांचे फोटो तयार करायचे. मी नकाशे काढायचो आणि त्यावरून ती कॉम्प्युटरवर घर उभं करायची. भिंतींना लाकडी फळ्या, वळचणीखाली सावली, खिडकीच्या काचेत समोरच्या ओकची फांदी. सगळं जागच्या जागी बसलं की मग त्यावर ऊन सोडायची. कुठल्या महिन्यातलं, किती वाजताचं, हे तिचं ठरलेलं असायचं. दोन-तीन दिवसांनी जे चित्र बाहेर पडायचं ते बघून गिऱ्हाइकं विचारायची, "हे कुठेशी आहे? जाऊन बघता येईल का?"

घरं बांधून विकणारा आमचा मालक पोमरॉय याला ते आवडायचं, पण पूर्ण नाही. त्याच्या मते लॉरीन घरं मळवायची. पन्हळीच्या तोंडाशी गंजाचा ओघळ, दाराच्या मुठीभोवती काळपट झालेला रंग, पायरीवर एक विस्कटलेलं पायपुसणं. पोमरॉय तिच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणायचा, "लॉरीन, हे नवं घर आहे की कुणाच्या घटस्फोटातून उरलेलं?"

"खरं घर कुठे ना कुठे मळतंच."

"मग मळू दे ना! लोकांना विकल्यावर मळू दे!"

आणि मग ती त्याच्यासाठी एक धुतलेलं चित्र करायची, स्वतःसाठी एक मळलेलं ठेवायची.

लॉरीन टरलॉककडची. बाप अझोर्स बेटांवरून आलेला, गाईंच्या गोठ्यात आयुष्य काढलेला. तिने सॅक्रामेंटोत एका वास्तुविशारदाकडे एकोणीस वर्षं हाताने, जलरंगात, घरांची चित्रं काढली. कॉम्प्युटर आले तेव्हा तिथली बाकीची चित्रकार मंडळी निघून गेली. हिने चाळिशीत माउस हातात धरला आणि सगळं पहिल्यापासून शिकली. नवरा रीनोला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नव्हतं. केलर रिजला, आमच्या या डोंगरावरच्या गावी, ती आली ती पोमरॉयच्या नोकरीसाठी, आणि गावाच्या खालच्या टोकाला भाड्याच्या ट्रेलरमध्ये राहायला लागली. मी एकदा सहज विचारलं, "स्वतःसाठी कधी घर काढलंस का गं?"

"कुठल्या प्लॉटवर काढू, मर्ल?" ती म्हणाली. विषय तिथेच संपला.

जंगलातून आग आली ते साल सगळ्यांच्या लक्षात आहे, म्हणून सांगत बसत नाही. सप्टेंबरातला मंगळवार होता, उत्तरेचा वारा होता, आणि दुपारपर्यंत गावाचा वरचा दोन तृतीयांश भाग गेला. आमचं ऑफिस लाँड्रीच्या शेजारी खालच्या चौकात होतं, ते वाचलं. लॉरीनचा ट्रेलरही वाचला. याची तिला लाजच वाटायची. दुकानात कुणी विचारलं, "तुमचं काय झालं?" तर ती म्हणायची, "धुराचा वास बसलाय सगळ्याला," आणि पटकन दूध घेऊन बाहेर पडायची.

वर्षभराने राख-माती उपसून झाली, प्लॉट सपाट झाले, आणि पोमरॉयने पुन्हा घरं बांधायला घेतली. तीन नमुने. ज्याला जो हवा तो. लॉरीन त्या तिन्हींची चित्रं गिऱ्हाइकाच्या प्लॉटवर बसवून द्यायची. लोक यायचे, चित्राकडे बघायचे, छान आहे म्हणायचे, आणि मग खिशातून फोन काढून आपल्या जळलेल्या घराचा एखादा फोटो तिला दाखवायचे. नुसता दाखवायचे. त्याचं काय करायचं हे त्यांनाही माहीत नसायचं.

ग्लेंडा टॅकेटने मात्र तोंडाने मागितलं.

ग्लेंडा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. सोबत तिचे वडील होते, ऑर्व्हिल. वय चौऱ्याऐंशी. लाकूड कापायच्या गिरणीत करवतीची पाती लावण्यात उमर गेली होती आणि डाव्या हाताची दोन बोटंही तिथेच गेली होती. फ्लूम रोडवरचं त्यांचं घर त्यांनी स्वतः बांधलं होतं, तीन उन्हाळे लावून, गिरणीतून आणलेल्या लाकडात. आगीनंतर ते खाली व्हॅलीत म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका केअर होममध्ये होते.

"घर परत होणार नाही," ग्लेंडा मला बाजूला घेऊन म्हणाली. "त्या रस्त्यावर कुणी विमा उतरवत नाही, विहिरीचं पाणी खराब झालंय, आणि खरं सांगायचं तर डॅडना एकटं ठेवायचे दिवस गेले. पण एक चित्र मिळालं असतं तर त्यांच्या खोलीत लावलं असतं. आमच्याकडे चारच फोटो आहेत. नेवाडाला आत्याकडे होते म्हणून राहिले."

चारही फोटोंत घर माणसांच्या पाठीमागे होतं. एकात अर्धा पोर्च, त्यावर ऑर्व्हिल आणि त्यांची बायको मेव्हिस, दोघं तरणीताठी, हातात कलिंगडाच्या फोडी. घराचे नकाशे तर नव्हतेच. पोमरॉय म्हणाला, फावल्या वेळात काय ते करा. लॉरीनने ऑर्व्हिलना शेजारी खुर्चीत बसवलं आणि तीन दुपारी त्यांच्या तोंडून घर काढून घेतलं.

ते ऐकण्यासारखं होतं.

"किचनची खिडकी आणखी डावीकडे घे, पोरी."

"मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, ऑर्व्हिल."

"मग पोरगीच की. डावीकडे घे. आणखी. बास! आता चार बोटं उजवीकडे."

"तुमची चार की माझी?"

म्हातारा आपल्या तीन बोटांच्या हाताकडे बघून खो खो हसला. ग्लेंडा म्हणाली, डॅड वर्षभरात असे हसले नव्हते. मग ऑर्व्हिल माझ्याकडे वळून म्हणाले, "ए पेन्सिलवाल्या, छपराचा उतार असा झोपाळू का काढलायस? बर्फ काय तुझ्या बापाने काढायचा?" मी उतार वाढवून दिला. पोर्चचा मधला खांब जरा वाकडा होता. तो का वाकडा, तर मेव्हिस लोणच्याच्या बरण्या घेऊन उभी होती आणि ऑर्व्हिलना घाई होती. तो वाकडाच हवा होता. वळचणीखाली पाकोळ्यांची घरटी होती. जाळीच्या दाराला खाली कुत्र्याने पाडलेलं भोक होतं. लॉरीन एकेक गोष्ट घालत गेली. इथे तिला मळवू नको म्हणणारं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने ऊन सोडलं. ऑक्टोबरातलं, दुपारी चारचं, पश्चिमेकडून तिरकं येणारं. ऑर्व्हिल पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मेव्हिस आत आहे का?"

ग्लेंडाने लॉरीनकडे बघितलं. लॉरीन म्हणाली, "पोर्चवर कुणी काढलेलं नाही मी, ऑर्व्हिल."

"नाही, ती आतच असणार या वेळेला," ते म्हणाले आणि टोपी घालून उठले.

मेव्हिसला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

चित्र फ्रेम करून त्यांच्या पलंगासमोर लावलं. त्या हिवाळ्यात त्यांची स्मरणशक्ती झपाट्याने उतरत गेली. फेब्रुवारीत ग्लेंडाचा लॉरीनला फोन आला आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. डोळे सुजलेले. तिने जे सांगितलं ते असं : डॅड चित्राकडे बघून रोज विचारतात, मी इथे का आहे, माझं घर तर हे आहे. मग कुणीतरी सांगतं की घर जळलं. ते त्यांना दर वेळी नव्यानेच कळतं. दर वेळी तितकंच रडतात. आता खायचे थांबलेत. तिथल्या नर्सने एकदा वैतागून म्हटलं, "बांधताहेत हो तुमचं घर, काळजी करू नका," तर त्या दिवशी ते दोन वाट्या सूप प्यायले.

"तर तुम्ही एक करून द्याल का?" ग्लेंडा म्हणाली. "नुसतं जोतं घातलेलं. काम सुरू झालंय असं. एकच."

लॉरीन सरळ नाही म्हणाली. "हे चित्र नाही ग्लेंडा, हे खोटं बोलणं झालं."

"मग तुम्ही या आणि त्यांना खरं सांगा. उद्या या. परवा परत या. तेरवा परत. मी रोज सांगतेय."

लॉरीन माझ्याकडे बघायला लागली. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण मी म्हणालो, "अगं, दोन घास खातोय म्हातारा. कुणाचं काय बिघडतंय?"

तिने जोतं केलं. फ्लूम रोडच्या त्या सपाट प्लॉटचे फोटो तिच्याकडे होतेच. त्यावर ओलसर काँक्रीट, कडेला लाकडाची थप्पी, निळी ताडपत्री, मजुरांचा फिरता संडास आणि त्याला टेकवलेलं फावडं. मागे एक पिकअप, टायरला चिखल. ते बघून मी स्वतः क्षणभर गोंधळलो, पोमरॉयने खरंच काम सुरू केलं की काय.

ग्लेंडाने ते नेऊन दाखवलं आणि संध्याकाळी फोन केला. डॅडनी चित्र हातात घेऊन पंधरा मिनिटं बघितलं. मग अंघोळीला पाणी मागितलं. जेवले. आणि म्हणाले, काँक्रीटवर पाणी मारत राहायला सांगा, तडे जातील.

एकच म्हणता म्हणता दर पंधरवड्याला एक व्हायला लागलं. भिंतींचे उभे वासे उभे राहिले तसा ऑर्व्हिलचा निरोप आला : "वासे चोवीस इंचांच्या अंतरावर लावलेत. सोळावर हवेत. त्या कंत्राटदाराला म्हणावं, कोंबड्यांचं खुराडं बांधतोयस का?" लॉरीनने चित्र मोठं करून मोजलं. खरंच चोवीस होते. घाईत माझ्या एका गोदामाच्या नकाशातून उचलले होते तिने. डोकं गेलेला माणूस, पण लाकूड त्याला फसवू शकत नव्हतं. तिने सगळे वासे काढून सोळावर लावले आणि नवीन चित्र पाठवलं. ऑर्व्हिल खूश. "ऐकतो म्हणजे माणूस बरा आहे," म्हणाले.

मार्चमध्ये सलग आठवडाभर पाऊस झाला, तर तिने चित्रातही पाऊस पाडला. जमिनीत डबकी, ताडपत्रीवर साचलेलं पाणी, कामावर कुणी नाही. ग्लेंडाने विचारलं, "हे कशाला?" लॉरीन म्हणाली, "त्यांच्या खिडकीतून त्यांना पाऊस दिसतोय ना? मग इथे ऊन कसं चालेल?"

मी बघत होतो. ती पोमरॉयची कामं उरकायची आणि फ्लूम रोडला जायची. म्हणजे खुर्चीतच बसलेली असायची, पण जायची. "आज पूर्वेकडच्या फळ्या लावल्या," असं मला जेवताना सांगायची. मी चेष्टेने म्हणायचो, "मजुरी काय घेतलीस?" ती हसायची. तिला इतक्या आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. तिने सबंध आयुष्यात शेकडो घरं काढली, पण जोत्यापासून बांधलेलं असं हे एकच.

ऑर्व्हिल अंग धरायला लागले. नर्सना चित्रं दाखवायचे, कुठली फळी कशी बसवायची ते शिकवायचे. ग्लेंडा आणि लॉरीन दोघी मिळून काम लांबवत होत्या. मजूर मिळत नाहीत. लाकूड अडकलंय. हे सगळं गावात खरंच चाललं होतं, त्यामुळे सांगायला सोपं गेलं. पण मे अर्धा झाला तसे ऑर्व्हिल चिडायला लागले. मी तीन उन्हाळ्यांत एकट्याने बांधलं, हे दहाजण काय झोपा काढतात? छपराशिवाय लाकूड भिजवताहेत!

लॉरीन मला म्हणाली, "छपराशिवाय ठेवलं तर ते झुरतात. छप्पर घातलं तर राहायला जायचं म्हणतील. काय करू?"

शेवटी तिने छप्पर घातलं.

जूनमध्ये घर पुरं झालं. नव्या लाकडाचं, पण तेच. वाकडा खांब, जाळीचं दार, सगळं. चित्र बघून ऑर्व्हिल म्हणाले, "आता मला घेऊन चला."

"पुढच्या आठवड्यात, डॅड," ग्लेंडा म्हणाली. "बांधकाम तपासणारा इन्स्पेक्टर यायचाय."

"इन्स्पेक्टरची ऐशी की तैशी. मी काय पहिल्यांदा बांधतोय?"

तीन आठवडे इन्स्पेक्टर यायचाच होता. चौथ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, ऑर्व्हिल न्याहारी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केअर होमच्या पुढच्या दारातून चालत बाहेर पडले. कुणीतरी भेटायला आलेलं होतं, दार उघडं होतं. चित्र घडी करून शर्टाच्या खिशात घातलं होतं. वर अंडी पोचवायला निघालेल्या एका बाईने त्यांना गाडीत घेतलं. नंतर ती रडत सांगत होती, "मला काय माहीत? इतके व्यवस्थित बोलत होते. रस्ता दाखवत होते. नवं घर बांधलंय म्हणाले, फोटो दाखवला. सोडलं तिथे घर दिसेना म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, आत आहे, झाडांमागे."

झाडं तरी कुठे होती?

अकरा वाजता ग्लेंडाचा ऑफिसात फोन आला. खाली व्हॅलीत शाळेचे उन्हाळी वर्ग चालू होते, ती तिथून निघाली होती, पण तिला पाऊण तास लागणार होता. "डॅड तिथून निघून गेलेत, वर घराकडेच आले असतील. तुम्ही जवळ आहात, लॉरीन, जा ना!" मी गाडी काढली. लॉरीन वाटेत एक शब्द बोलली नाही. ऊन असं होतं की अंगाची लाही होत होती.

ऑर्व्हिल प्लॉटच्या मधोमध उभे होते. सपाट केलेली लाल माती, त्यात गुडघाभर वाळलेलं गवत, आणि गवतात ते, दोन्ही हातांत चित्र धरून. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "परत जळलं का?"

मी लॉरीनचा दंड धरला. मला म्हणायचं होतं, हो म्हण. हो म्हण आणि मोकळी हो. ते रडतील, उद्या विसरतील. पण ते तोंडातून बाहेर पडेना, आणि तेवढ्यात ती बोलली.

"नाही, ऑर्व्हिल. बांधलंच नव्हतं. मी चित्रं करत होते."

"चित्रं."

"हो."

"पण सोळा इंचांवर घेतले होतेस तू वासे. मी सांगितलं तेव्हा."

"हो. चित्रात घेतले."

त्यांनी हातातला कागद उलटा केला, मागे काही आहे का ते बघावं तसा. मग पुन्हा सुलटा. त्यांचा चेहरा एकदम स्वच्छ झाला होता. त्या घटकेला त्यांना सगळं समजत होतं, आमच्याइतकंच.

"मेव्हिसला मी सांगितलं, घर झालं म्हणून," ते म्हणाले. "रोज सांगायचो तिला, आज काय काय झालं ते."

लॉरीन खाली बसली, गवतातच. ऑर्व्हिल उभेच राहिले. मी त्यांना गाडीत पाणी आहे म्हणालो, सावलीत चला म्हणालो. ते म्हणाले, "ए पेन्सिलवाल्या, तुलाही माहीत होतं?" मी हो म्हणालो. त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. ग्लेंडा येईपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो.

ग्लेंडाने त्यांना गाडीत बसवलं, पट्टा लावला, थंड फडकं मानेवर ठेवलं. मग दार लावून परत आली आणि लॉरीनसमोर उभी राहिली. आम्हाला वाटलं आभार तरी मानेल, नाहीतर रडेल.

"जळलं म्हणायला तुमचं काय जात होतं?" ती म्हणाली. "एवढं सगळं खोटं केलंत. हे एकच राहिलं होतं, तेवढं बोलता आलं नाही?"

लॉरीन कपड्यांना चिकटलेलं गवत काढत राहिली.

माणसाचं डोकं काय ठेवतं आणि काय टाकतं, याला काही धरबंध नाही. ऑर्व्हिल आग विसरले. गिरणी विसरले. पुढे ग्लेंडाच्या नवऱ्याला चोर समजून हाकलायला लागले. पण आपल्याला बनवलं गेलं, हे विसरले नाहीत. समोरचं चित्र त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून भिंतीवरून काढलं आणि पलंगाखाली सरकवलं. एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून ग्लेंडाने आत्याकडचा तो जुना फोटो नेला, पोर्च, कलिंगड, मेव्हिस. ऑर्व्हिलनी तो उजेडात धरून बघितला आणि परत दिला.

"हेही तिनेच केलंय."

"डॅड, हा एकाहत्तर सालचा आहे. ही मॉम आहे. हे तुम्ही."

"चांगलं केलंय," ते म्हणाले. "हुबेहूब केलंय."

तिने लग्नाचा फोटो दाखवला. तिच्या लहानपणचे दाखवले. सगळे हुबेहूब होते, सगळे त्या बाईने केलेले होते. पुढे पुढे तर खिडकीतून बाहेरच्या झाडाकडे बोट दाखवून विचारायचे, "हे कुणी केलंय?" ग्लेंडाने फोटो न्यायचं बंद केलं.

हे मला ग्लेंडानेच सांगितलं, किराणा दुकानाच्या रांगेत, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. मी लॉरीनला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण गाव केवढं, तिला ते कळलंच. ती दोनदा केअर होमला गेली. पहिल्यांदा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्यांदा त्यांनी तिला ओळखलं नाही आणि फार प्रेमाने बोलले. हवापाण्याचं, अंड्यांचं. निघताना म्हणाले, "परत ये हं, पोरी." ती परत गेली नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, "ओळख पटली असती तर?"

दीड वर्षाने, जानेवारीत, ऑर्व्हिल गेले. न्यूमोनियाने. अंत्यविधीला आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो होतो. ग्लेंडाने शवपेटीजवळ एकही फोटो ठेवला नव्हता. लोकांना ते विचित्र वाटलं. आम्हाला नाही. बाहेर पडताना ग्लेंडा माझ्याशी हात मिळवून पुढे गेली. लॉरीनचा पुढे केलेला हात तसाच राहिला, मग तिने तो कोटाच्या खिशात घातला.

फ्लूम रोडचा प्लॉट एका शहरातल्या माणसाने घेतला. तिथे त्याची बोट आणि एक जुना ट्रेलर उभा असतो.

लॉरीनने पोमरॉयकडे आणखी दोन वर्षं काम केलं. काम बिघडलं असं नाही. तेवढीच चित्रं, तेवढ्याच वेळात. पण गिऱ्हाइकाशी ती बोलेना. कुणी फोनमध्ये जुन्या घराचा फोटो दाखवायला लागलं की ती उठून बाहेर जायची आणि तो फोटो मी बघायचो. एका बाईने फारच गळ घातली, माझ्या आईचं घर एकदा करून द्या म्हणून. लॉरीनने तिला काय सांगितलं माहीत नाही, पण ती बाई रागाने दार आपटून गेली आणि तिने पोमरॉयला दिलेलं घराचं काम काढून दुसऱ्याला दिलं. पोमरॉय ओरडला. लॉरीनने ऐकून घेतलं. त्याच वसंतात तिने नोकरी सोडली.

आता ती टरलॉकला भावाकडे असते, मागच्या खोलीत. भाऊ चांगला आहे, वहिनीही. सकाळी ती वहिनीला घरकामात मदत करते, दुपारी पडून असते. मी नाताळच्या सुमाराला फोन करतो. गेल्या खेपेला माझ्या बहिणीला घर बांधायचं होतं. मी विचारलं, "एक चित्र करून देशील का? कसलंही, साधं."

"मशीन विकलं मी, मर्ल."

"माझं वापर. इथे येऊन राहा चार दिवस."

पलीकडे टीव्ही चालू होता. वहिनी कुणाला तरी जेवायला हाक मारत होती.

"नको," ती म्हणाली. "तिला सांग, बांधून झाल्यावर बघ म्हणावं."

मग मी विचारलं तिकडे थंडी कशी आहे, ती म्हणाली धुकं आहे, आठ दिवस झाले हटत नाहीये. जेवण वाढलंय म्हणाली, आणि फोन ठेवला.